ऊद घातलेला तंबू

माझी बायको रागीट आहे का, असं एका जपानी पोलिसाने मला माझ्याच बैठकीच्या खोलीत विचारलं, तेव्हा स्वयंपाकघरातला कोबी चिरण्याचा आवाज थांबला.

इथे कुणाला शिकारीच्या बंदुकीचा परवाना हवा असला की पोलीस आधी घरच्यांकडे चौकशी करतात. नवराबायकोत भांडणं होतात का, दारू किती, झोप कशी लागते, रागाच्या भरात वस्तू फेकायची सवय आहे का. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. उत्तर देण्याआधी सगळ्या शक्यता तपासून बघायची खोड मला आहे, आणि त्या तपासण्यात जे काही क्षण गेले ते ती अजून विसरलेली नाही. शेवटी मी "अजिबात नाही" म्हणालो. कोबी पुन्हा सुरू झाला. पोलिसाने चहा नको म्हटलं, वाकून नमस्कार केला आणि बूट घालून गेला.

आम्ही त्सुकुबाला राहतो. ती एका संशोधन संस्थेत फळझाडांवर काम करते आणि मी कावासाकीतल्या एका कंपनीचं काम घरात बसून करतो. ती कोल्हापूरची, मी पुण्याचा. तिच्या माहेरी पाहुणा दारात आला की रस्सा चुलीवर चढतो, आणि आमच्याकडे अंडं हा शब्द उच्चारायचा झाला तरी आवाज खाली यायचा. आमच्या घरात दोन कढया आहेत आणि त्या एकमेकींना शिवत नाहीत. अशा घरात बंदूक आली ती सफरचंदांमुळे.

उत्तरेकडे गाडीने दोनेक तासांवर डोंगराच्या कुशीत एक गाव आहे. तिथे एका आजोबांची सफरचंदाची बाग. कामानिमित्त ती तिथे जाऊ लागली आणि मग काम नसतानाही जाऊ लागली. आजोबा ऐंशीच्या पुढचे, एकटे. पूर्वी ते स्वतः शिकार करायचे, पण गुडघे गेले, नजर कमी झाली, तेव्हा त्यांनी आपली बंदूक रीतसर परत करून टाकली. तेव्हापासून हरणांचं फावलं. बर्फ पडलं की डोंगरात खायला उरत नाही, मग हरणं खाली येऊन सफरचंदाच्या झाडांची साल सोलून खातात. साल चहूबाजूंनी सोलली गेली की झाड उभ्याउभ्या मरतं. बागेची एक बाजू अशीच गेली होती. आजोबांची मुलगी शहरात राहते आणि ती कधीची त्यांना तिकडे बोलावत होती. शेवटी त्यांनी झाडतोड्याला सांगून ठेवलं. हिवाळा संपला की तो येणार होता, आणि त्याला कळावं म्हणून आजोबांनी बागेतल्या झाडाझाडाला गुलाबी टेप बांधून ठेवली होती.

बायकोने त्यांच्याकडे एक हिवाळा मागून घेतला. मी हरणं आवरते, तोवर तोडू नका, असं ती म्हणाली. आजोबा म्हणाले, ठीक आहे, हा हिवाळा. टेप मात्र त्यांनी काढली नाही. ते कधी 'पुढच्या वर्षी' असं म्हणायचेही नाहीत. खताचं बोलणं निघो, शिडी दुरुस्त करायचं निघो, त्यांचं आपलं "या हिवाळ्यापुरतं चालेल". तिला ते फार लागायचं.

बंदूक आली, तिचं पोलादी कपाट आलं, आणि मग तंबू आला. हा तंबू म्हणजे शिकाऱ्याने जमिनीवर लपून बसायची जागा. वरून पानांची नक्षी, आतून काळाकुट्ट, चारी बाजूंना जाळीच्या खिडक्या. पिशवीतून काढला की फटकन आपला आपण उघडतो आणि परत पिशवीत जायला अजिबात तयार नसतो. पहिल्यांदा तो आम्ही घरातच उघडला. मी सोफा आणि फ्रिज यांच्या मध्ये अडकलो आणि ती मला बाहेर काढायचं सोडून कापड कसं आहे ते बघत बसली.

मोसम सुरू झाला तसे घरात नियम लागू झाले. हरणाचं नाक फार तिखट असतं म्हणून बिनवासाचा साबण. माझं खोबरेल तेल बंद. शुक्रवारपासून फोडणी बंद, कांदा बंद, लसूण तर नावही काढायचं नाही. बागेत घालायचे कपडे वेगळ्या पिशवीत घट्ट बांधून गाडीत. शनिवारी पहाटे निघताना मी इतका बिनवासाचा झालेलो असे की लिफ्टमध्ये शेजाऱ्यांचं माझ्याकडे लक्षही जात नसे. खायला कोम्बिनीतले, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातले भाताचे गोळे, तेही वरचा शेवाळाचा कागद काढून, कारण तो चावताना कुरकुरतो.

सोबत्याने बंदुकीला हात लावायचा नाही असा कायदा आहे. सूर्य उगवायच्या आधी आणि मावळल्यावर गोळी झाडायची नाही असाही आहे. त्यामुळे माझ्याकडे तीन कामं राहिली. बसणं, गप्प राहणं आणि गारठणं. यातलं तिसरंच मला बरं जमलं. अंगाला चिकटवायच्या गरम पुड्या मिळतात इथे, काइरो म्हणतात त्यांना. त्या मी पोटावर, पाठीवर, दोन्ही पावलांवर लावायचो. तरी घडीच्या स्टुलावर अर्धा तास बसलं की पाय आपले आहेत यावर विश्वास बसेनासा व्हायचा. नाक गळायला लागलं तर ओढायचं नाही, कारण आवाज होतो. पुसायचं नाही, कारण हालचाल होते. गळू द्यायचं. पोट गुरगुरलं की ती माझ्याकडे अशी बघायची की मला तो पोलीस आठवायचा.

पण एक सांगतो. उजाडता उजाडता जाळीतून बाग दिसू लागायची, फांद्यांवर दहिवर गोठलेलं, टेपच्या गाठी पांढऱ्या पडलेल्या. आणि माझ्या शेजारी ती, नारिंगी टोपी घातलेली, मांडीवर बंदूक, श्वाससुद्धा मोजून मापून घेत असलेली. घरी एका जागी पाच मिनिटं न टिकणारी ही बाई तिथे तास तास हलायची नाही. ती मला तेव्हा फार आवडायची. बोलायची बंदी असल्यामुळे ते सांगायचं राहून गेलं.

हरणं मात्र आली नाहीत. म्हणजे बागेत यायची, आमच्याकडे यायची नाहीत. डोंगरातून बागेत उतरायला दोनच वाटा होत्या, एक ओढ्याच्या काठाने आणि एक बांबूच्या बनातून. तंबू आम्ही ओढ्याच्या वाटेवर लावला होता, आणि आठवडाभर तो तिथेच उभा असायचा. ठसे उमटले बांबूच्या बाजूला. तंबू बांबूकडे हलवला, तर पुढच्या शनिवारी ओढ्याकाठचं बर्फ तुडवलेलं. परत ओढ्याकडे आणला, ठसे परत बांबूकडे. आमचा शनिवारचा मुक्काम कुठे आहे हे हरणांना आमच्या आधी कळत होतं.

संशय अर्थातच माझ्यावर आला. तिने माझी टोपी हुंगली, मफलर हुंगला, एकदा तर कान हुंगले. मी मधल्या वारीसुद्धा लसूण सोडला. काही फरक पडला नाही. जानेवारीत एका सकाळी बांबूकडच्या ओळीतली पाचसहा झाडं माणसाच्या कमरेपर्यंत सोलून निघालेली दिसली. आतलं लाकूड ओलं आणि पिवळसर होतं. तिने हातमोजा काढून त्यावरून बोट फिरवलं. आजोबा तिथेच काठी टेकून उभे होते. त्यांनी तिलाच चहाला बोलावलं.

परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी शब्द दिलाय रे त्यांना." मला त्या वेळी हरणांचा खरोखर राग आला होता, आणि शाकाहारी माणसाला तो कुठे काढायचा हेही कळत नव्हतं.

त्यानंतरच्या शनिवारी भुरभुर बर्फ पडत होतं. आजोबा आम्हाला न्याहारीला बोलवायला तंबूपर्यंत आले. त्यांनी दाराची चेन उघडून डोकं आत घातलं आणि लगेच मागे घेतलं. आम्ही बाहेर येऊन बघतो तर त्यांनी टोपी काढून छातीशी धरलेली. बायकोला ते सेन्सेई, म्हणजे गुरू, म्हणायचे आणि मला दान्ना-सान, म्हणजे नवरोबा. ते फार हळू आवाजात म्हणाले, "सेन्सेई, घरी आणखी कुणाचं काही झालं का?"

आम्हाला काही कळेना. आणखी म्हणजे? मग आजोबांनी अवघडत, जमिनीकडे बघत सांगितलं. आम्ही पहिल्या दिवशी तंबू उघडला तेव्हाच त्यांना आत उदबत्तीचा दाट वास आला होता. असा वास इकडे सुतकाच्या घरात येतो. सेन्सेईंचं कुणीतरी जवळचं गेलं असणार, तरी बिचाऱ्या दिलेला शब्द पाळायला येतात, असं त्यांनी धरून चाललं होतं. दुःखाबद्दल आपणहून विचारणं बरं दिसत नाही म्हणून ते गप्प राहिले. पण इथे सुतक एकोणपन्नास दिवसांचं असतं. ते कधीच उलटून गेलं, तरी वास तसाच. मग दुसरंही कुणी गेलं की काय, या काळजीने त्यांना राहवलं नाही.

बायकोचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. कारण तिला आठवलं, आणि तिच्यामागोमाग मलाही.

खंडेनवमी. तिच्या माहेरी त्या दिवशी विळा, कोयता, शिलाई मशीन, स्कूटर, जे जे म्हणून कामाला येतं त्या सगळ्याची पूजा होते. सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या. बंदूक कारणाशिवाय कपाटातून काढता येत नाही असं सांगितल्यावर त्यांनी कपाटाला हळदकुंकू लावून घेतलं. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या तंबूवर गेली. "जावईबापू, ते काय आहे? त्यालाबी ऊद दाखवा की. नवी वस्तू हाय." आता आमच्या घराच्या छताला धुराचा गजर बसवलेला आहे. साधी मिरची तळली तरी तो बोंबलतो. आईचं मन मोडायचं नाही आणि गजरही वाजू द्यायचा नाही, म्हणून बायकोनेच युक्ती काढली. तंबू उघडला, धुपाची वाटी आत ठेवली आणि सगळ्या चेन लावून टाकल्या. आतला धूप संपेपर्यंत आम्ही बाहेर बसून श्रीखंड खाल्लं. मग वाटी काढून घेतली आणि तंबू तसाच घडी करून पिशवीत कोंबला.

माझं खोबरेल तेल बंद करणाऱ्या बाईने, माझे कान हुंगणाऱ्या बाईने, तंबूच्या धाग्याधाग्यात ऊद मुरवून ठेवला होता. आम्हा दोघांना तो वास जाणवला नाही, कारण तो आम्हाला घरचाच. डोंगरातल्या हरणांना मात्र वाटेत एक देवघर येऊन बसलेलं कळत होतं.

मी हसत सुटलो. अख्ख्या हिवाळ्यात त्या बागेत माझा एवढा आवाज पहिल्यांदाच निघाला. कुणी गेलेलं नाही हे कळल्यावर आजोबाही हसले, पण जरा बेताने, चालेल ना याचा अंदाज घेत. ती हसली नाही. तंबूत डोकं घालून खोल श्वास घेतला, बाहेर आली, आणि ओढ्याकडून बांबूच्या बनाकडे बघत उभी राहिली. ती अशी उभी राहिली की आपण मध्ये बोलायचं नसतं एवढं मला लग्नाने शिकवलं आहे.

"उद्या तू एकटा बस तंबूत," ती म्हणाली.

मी विचारलं, आणि तू? ती बांबूच्या वाटेवर, सफरचंदांच्या रिकाम्या लाकडी पेट्या रचलेल्या होत्या त्यांच्या आड बसणार होती. तंबू ओढ्याच्या वाटेवर राहू दे, वास जाईल तिकडे जाऊ दे, हरणं तो टाळून तिच्याकडेच येतील. म्हणजे दोन महिने जे आपल्यावर उलटत होतं तेच आता कामाला लावायचं. मग माझ्या बिनवासाच्या तपश्चर्येचं काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, हवं ते खा.

आजोबांनी आम्हाला रात्री ठेवून घेतलं. पहाटे कोम्बिनीत मी करी भरलेले तळलेले पाव घेतले, चांगले गरम. तंबूत जाऊन बसलो. ती पेट्यांमागून डोंगराच्या चढाकडे बंदूक रोखणार होती आणि तंबू तिच्या पाठीमागे येत होता, याची मी तिला पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली. शेवटी ती म्हणाली की इतक्यांदा विचारलंस तर जागा बदलेन.

उजाडलं. सूर्य डोंगरावर आला तशी फांद्यांवरून बर्फाची भुकटी गळायला लागली. पाव संपले होते आणि बोटं तेलकट होती. रात्रभर बागेत चरलेली हरणं डोंगराकडे परत निघाली तेव्हा मी ती जाळीतून पहिल्यांदा बघितली. चार होती. पुढचं एक ओढ्याच्या वाटेला लागलं आणि थांबलं. मान वर करून त्याने सरळ माझ्या तंबूकडे पाहिलं. नाकातून वाफ येत होती. ऊद आणि करी, दोन्ही पोचले असावेत. त्याने एक पाय उचलून तसाच धरला, मग वळलं, आणि बाकीची त्याच्यामागून बांबूकडे वळली. पळत नव्हती. सवयीची वाट असल्यासारखी चालली होती.

इतके शनिवार मी ज्याची वाट बघितली ते आता होणार होतं, आणि मला वाटलं, तिचा नेम चुकू दे. हे मी तिला नंतर सांगितलं. ती म्हणाली, तिलाही वाटलं होतं.

एकच आवाज झाला. डोंगराने तो परत दिला आणि मग सगळं शांत. तिने हाक मारल्यावर मी गेलो. तिने गोळ्या काढून बंदूक रिकामी केली होती आणि ती हरणाशेजारी गुडघ्यावर बसली होती. रस्त्यावर मेलेली मांजर बघून मान फिरवणारा मी, मी तिथे बसलो आणि तिचा खांदा धरला. मला वाईट वाटत होतं आणि तिचा अभिमानही वाटत होता, आणि दोन्ही एकदम वाटू शकतं याचं नवल करायला वेळ नव्हता.

"लगेच गेलं ते," ती म्हणाली. मी म्हटलं, हो.

आजोबा काठी टेकत आले. त्यांनी हात जोडले, डोळे मिटून थोडा वेळ उभे राहिले, मग बायकोला विचारलं, त्या वासाचं काही आहे का बरोबर? होतं. दसऱ्याला गाडीचीही पूजा झाली होती आणि उरलेली धुपाची डबी अजून गाडीच्या कप्प्यात होती. बर्फात एक छोटा खळगा करून आम्ही धूप लावला. धूर हरणाच्या अंगावरून बागेत गेला.

पुढच्या शनिवारी आम्ही बंदुकीशिवाय गेलो. बायकोने घरूनच मोठं पातेलं भरून हरणाचा तांबडा रस्सा नेला होता. माझ्यासाठी वेगळ्या डब्यात बटाट्याची भाजी. बागेतून जाताना टेप जागच्या जागी दिसत होत्या. झाडतोड्या यायला आता फार दिवस नव्हते. ती टेपांकडे न बघता पातेलं सांभाळत चालत होती, आणि मला दिसत होतं की ती बघत नाही.

कोतात्सुमध्ये, म्हणजे खाली शेगडी असलेल्या त्या बुटक्या टेबलाच्या रजईत पाय घालून आम्ही जेवायला बसलो. पहिल्या घासाला आजोबांच्या कपाळावर घाम आला, दुसऱ्याला त्यांनी चष्मा काढून ठेवला. तरी वाटी पुढे केलीच. मग ते सावकाश बोलू लागले. एक हरीण कमी झाल्याचं डोंगराला कळणारही नाही. पण आठवडाभर ते रोज बागेत फिरले होते. एकाही झाडाला नवा दात लागलेला नव्हता. आणि ओढ्याकाठची, जिथे तंबू सगळ्यात जास्त दिवस होता तिथली ओळ तर हिवाळाभर जवळजवळ शाबूत राहिली होती.

"हरणांना वासाची सवय होईल," बायको म्हणाली. ती संशोधक आहे, तिला खोटी आशा दाखवता येत नाही. "फार तर एक मोसम चालेल."

आजोबांनी रश्शात बुडवलेला भात संपवला, चॉपस्टिक्स नीट आडव्या ठेवल्या आणि तोंड पुसलं.

"पुढच्या वर्षी तो तंबू आणा," ते म्हणाले. "आणि दान्ना-सानलाही. दोघांना चांगला वास लावून."

तिच्या हातातली पळी वाटीच्या वरच राहिली. रस्सा टेबलावर सांडला आणि तो पुसायच्या निमित्ताने ती बराच वेळ खाली वाकून राहिली. आजोबांनी मला सांगितलं की त्यांचे गुडघे काही झाडाझाडापाशी वाकू देणार नाहीत, तेव्हा टेपचं मीच बघावं.

मी बाहेर आलो. गाठी गोठून दगड झाल्या होत्या, हातमोजे काढल्याशिवाय सुटेनात. एक झाड झालं, दुसरं झालं. घराचं दार सरकल्याचा आवाज आला आणि ती ओळीच्या दुसऱ्या टोकाला आली. तिने तिकडून सुरुवात केली. मधल्या झाडापाशी आम्ही भेटलो तेव्हा तिचे डोळे लाल झालेले होते. मी नुसतं बघितलं.

"रस्सा फार तिखट झाला," ती म्हणाली.

कोल्हापूरच्या तिच्या जिभेला आजवर काही तिखट लागलेलं मी बघितलं नाही. पण मी काही बोललो नाही. दोन महिन्यांत गप्प बसायची सवय झाली होती.